‘चरबी वितळवणारी मशीन’ घ्यायची का? सही करण्याआधी करायचा हिशोब



या आठवड्याचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांच्यासाठी हा लेख म्हणजे वही समजा. व्हिडिओत आकडे पटापट जातात, इथे थांबून लिहून घेता येतात. ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही त्यांनाही हा लेख पूर्ण समजेल.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. मागच्या महिन्यात एक ताई आमच्या नांदुऱ्याच्या दुकानात आल्या. त्यांचं ब्युटी पार्लर आहे, आठ वर्षांपासून चालू आहे. थ्रेडिंग, फेशियल, वॅक्सिंग, लग्नसराईत नवरीचा मेकअप. नाव चांगलं आहे. हातात एक कोटेशन होतं: ‘बॉडी कॉन्टूरिंग मशीन, सेल्युलाइट रिमूव्हल, इंच लॉस गॅरंटी’. किंमत 1,80,000 रुपये. विकणाऱ्याने कागदावरच हिशोब मांडून दिला होता. दिवसाला 4 ग्राहक, एका सिटिंगचे 1,500 रुपये, महिन्याचे 30 दिवस. बरोबर 1,80,000! म्हणजे ‘एका महिन्यात मशीन फुकट’.

ताई म्हणाल्या, “भाऊ, सोनं गहाण ठेवायचं ठरवलं आहे. फक्त एकदा तुम्ही पाहून घ्या.”

मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. म्हटलं, चहा घ्या, आपण दोघं बसून हिशोब करू. तोच हिशोब आज तुमच्यासमोर मांडतो. तुमचा धंदा पार्लरचा नसला तरी चालेल. कोणतंही मशीन कर्जावर घेण्याआधी हीच पद्धत वापरायची.

पायरी 1: आधी माल समजून घ्या

धंद्याचा पहिला नियम साधा आहे. आपण काय विकतो ते आपल्याला गिऱ्हाइकापेक्षा जास्त कळलं पाहिजे. म्हणून सेल्युलाइट म्हणजे काय ते आधी पाहू.

मांडी, कंबर, पार्श्वभाग इथल्या कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात, त्याला सेल्युलाइट म्हणतात. हा आजार नाही. वयात आलेल्या बहुतेक बायकांमध्ये तो कमी-जास्त प्रमाणात असतो, अंगाने बारीक असलेल्यांमध्येसुद्धा.

कारण समजायला आपली कापसाची गादी डोळ्यासमोर आणा. गादीवाला कापूस भरतो आणि मग जागोजागी टाके घालतो. टाका जिथे असतो तिथे गादी आत ओढली जाते, मधला कापूस वर फुगतो. कातडीखाली अगदी असंच आहे. चरबी म्हणजे कापूस, आणि कातडीला खालच्या थराशी बांधणारे तंतू म्हणजे टाके. बायकांमध्ये हे तंतू साधारण उभे असतात, पुरुषांमध्ये तिरपे आणि जाळीसारखे. म्हणून पुरुषांमध्ये हे खड्डे फार कमी दिसतात.

आता विचार करा. गादीवर वरून हात फिरवला, थापटलं, गरम केलं, तर टाके सुटतात का? नाही. गादी थोडा वेळ सपाट दिसेल, मग पुन्हा जशीच्या तशी. हे एक चित्र डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या सगळ्या मशीन तुम्हाला आपोआप समजतील.

दुसरी गोष्ट. सेल्युलाइट वेगळं, एका जागी साठलेली चरबी वेगळी आणि वजन वेगळं. विकणारा या तिन्हीची एकच खिचडी करतो. गिऱ्हाईक ‘वजन कमी होईल’ असं समजून पैसे देतं, आणि भांडण तिथूनच सुरू होतं.

आणखी एक गंमत. ‘सेल्युलाइट’ हा शब्द मूळचा फ्रेंच. अमेरिकेत तो घराघरात पोचला 1968 नंतर, ‘व्होग’ मासिकाने त्यावर लेख छापला तेव्हापासून. मराठीत आजही याला रोजच्या बोलण्यातला शब्द नाही. आपल्या आज्जीला मांडीवर खड्डे होते, पण ती ‘समस्या’ होती का? नव्हती. आधी समस्येला नाव दिलं गेलं, मग तिच्यावरचा माल विकला गेला. मागणी अशीही तयार होते, हे उद्योजक म्हणून लक्षात ठेवा. आणि अशी मागणी नांदुऱ्यात किती आहे, हे मुंबईच्या जाहिरातीवरून ठरवू नका.

पायरी 2: बाजारात काय काय आहे आणि ते किती चालतं

मसाज आणि रोलर. व्हॅक्यूमने कातडी ओढून रोलर फिरवतात. कातडीतलं पाणी तात्पुरतं हलतं, रक्ताभिसरण वाढतं, बरं वाटतं. परिणाम काही तास ते काही दिवस.

क्रीम आणि जेल. बऱ्याच जेलमध्ये कॅफीन असतं. कातडी थोडा वेळ घट्ट दिसते. लावणं बंद, परिणाम बंद.

बॉडी रॅप आणि घामाचा पट्टा. यात जे जातं ते पाणी. दोन ग्लास पाणी प्यायलं की परत येतं.

कॅव्हिटेशन. कमी फ्रिक्वेन्सीच्या अल्ट्रासाऊंड लहरी, बहुतेक मशीनवर 40 किलोहर्ट्झच्या आसपास लिहिलेलं असतं. चरबीच्या पेशींवर परिणाम करण्याचा दावा असतो. घेरात थोडा फरक पडू शकतो, पण टाके तसेच राहतात.

रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे आर.एफ. कातडीच्या आत उष्णता देऊन कोलॅजन आकसवायचं. कातडी काही प्रमाणात घट्ट होते, परिणाम हळूहळू उतरतो, पुन्हा पुन्हा करावं लागतं. चुकीच्या हातात भाजतं.

क्रायोलिपोलिसिस, म्हणजे चरबी गोठवणं. हे तंत्र अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी विकसित केलं आणि ‘कूलस्कल्प्टिंग’ नावाने बाजारात आलं. तिथल्या एफडीएने 2010 मध्ये आधी कमरेच्या बाजूंसाठी परवानगी दिली, पुढे पोट, मांड्या वगैरे भाग वाढले. मशीन जिथे लावलं तिथल्या चरबीचा थर साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाने कमी होतो, आणि तो दिसायला दोन-तीन महिने लागतात. हे वजन कमी करण्याचं मशीन नाही आणि सेल्युलाइटचंही नाही.

लायपोसक्शन. ही शस्त्रक्रिया आहे, प्लास्टिक सर्जनचं काम. चरबी निघते, पण खड्डे जात नाहीत, कधी जास्त उठून दिसतात. मे 2022 मध्ये बंगळुरूत एका तरुण कन्नड अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला, ती बातमी तुम्हाला आठवत असेल.

सबसिजन. डॉक्टर कातडीखालचे तंतू सुईने किंवा बारीक ब्लेडने कापतात. म्हणजे गादीचा टाकाच तोडतात. खड्ड्यांवर टिकाऊ परिणाम दिसतो तो या उपायाचा, कारण तो मुळावर काम करतो. पण हे डॉक्टरचंच काम.

एक गोष्ट मी व्हिडिओत घाईत सांगितली, ती इथे नीट सांगतो. 2020 मध्ये अमेरिकेत ‘क्वो’ नावाचं इंजेक्शन पार्श्वभागावरच्या सेल्युलाइटसाठी मंजूर झालं. मागे एंडो ही मोठी औषध कंपनी, हातात एफडीएची मंजुरी, संशोधन, पैसा. डिसेंबर 2022 मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण काळेनिळे डाग आणि कातडीचा बराच काळ टिकणारा रंगबदल. आता मला सांगा, एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही ते 1,80,000 च्या डब्यातून ‘गॅरंटीने’ होईल का?

पायरी 3: डेमो बघताना डोळे उघडे ठेवा

“पण भाऊ, माझ्यासमोर मोजून दाखवलं, दोन इंच कमी झाले!” ताईंचं म्हणणं खरं होतं. टेपवर दोन इंच कमीच दिसले. ते असे होतात:

- आधी टेप सैल धरायचा, नंतर आवळून.
- आधी श्वास घेतलेला असताना मोजायचं, नंतर सोडल्यावर.
- टेप अर्धा-एक इंच वर किंवा खाली सरकवायचा.
- उष्णता आणि दाबामुळे त्या जागेचं पाणी थोडा वेळ हललेलं असतं.

यातलं चौथं कारण प्रामाणिक माणसाच्या डेमोतही असतं. म्हणून डेमो खरा बघायचा असेल तर कातडीवर पेनाने खूण करा, टेप तुम्ही स्वतः धरा, उपाशीपोटी सकाळी मोजा आणि तीन दिवसांनी त्याच वेळी, त्याच खुणेवर परत मोजा. विकणारा म्हणाला “तीन दिवस थांबायला वेळ नाही”, तर तुम्हीही म्हणा, “मग माझ्याकडेही सहीला वेळ नाही.”

साधं गणित लक्षात ठेवा. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. झोपून 40 मिनिटांत ती जळत नाही.

पायरी 4: कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सोडू नका

आपल्या महाराष्ट्राशी जोडलेलं ताजं उदाहरण घ्या. काया ही मुंबईची कंपनी, पॅराशूट तेलवाल्या मॅरिकोने सुरू केलेली स्किन क्लिनिकची साखळी. कूलस्कल्प्टिंगच्या जाहिरातींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने म्हणजे सीसीपीएने कायाला 3 लाख रुपयांचा दंड केला. त्यानंतर 2025 मध्ये याच कारणावरून व्हीएलसीसीलाही 3 लाखांचा दंड झाला.

मुद्दा काय होता? मशीनला अमेरिकी एफडीएची परवानगी होती, पण ती ठरावीक जागेवरच्या चरबीसाठी, आणि बीएमआय 30 किंवा त्याहून कमी असलेल्यांसाठी. जाहिरातीतून मात्र अंगभर चरबी किंवा वजन कमी होतं असा समज होत होता. प्राधिकरणाने व्हीएलसीसीला सांगितलं की हे वजन कमी करण्यासाठी नाही हे स्पष्ट लिहा, कोणत्या भागांसाठी आणि किती बीएमआयपर्यंत ते ठळक दाखवा. आणि ग्राहकाच्या करारात ‘आम्ही जबाबदार नाही’ अशी जी एकतर्फी कलमं होती तीही काढायला लावली.

मोठ्या कंपन्यांना 3 लाख म्हणजे एका जाहिरातीचा खर्च. आपल्याला 3 लाख म्हणजे दुकान. म्हणून हे चार नियम वहीत लिहा:

1. ग्राहक संरक्षण कायदा 2019. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करू शकतो, म्हणजे आपल्याकडे बुलढाण्याला. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. हेल्पलाइन 1915. हे सगळं ग्राहकाच्या बाजूने आहे आणि असायलाच हवं. तुमचं वागणं त्याला धरून ठेवा.

2. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954. यातल्या यादीत ‘लठ्ठपणा’ आहे. त्यावर इलाज होतो अशी जाहिरात करायला मनाई आहे. शरीराच्या रचनेवर परिणाम करण्यासाठीची वस्तूही कायद्यातल्या ‘औषध’ शब्दात येते, आणि जाहिरातीत पत्रक, लेबल, तोंडी घोषणासुद्धा धरली जाते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. ‘लठ्ठपणा घालवा’ असा फ्लेक्स छापायला टाकण्याआधी हे आठवा.

3. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा 2019. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘फॅट डिझॉल्व्ह’ इंजेक्शन, सुया टोचणं, तंतू कापणं याच्या जवळपासही पार्लरने जायचं नाही. दोन दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलं म्हणून हा नियम बदलत नाही.

4. वैद्यकीय उपकरण नियम 2017. मशीन वैद्यकीय उपकरणात येत असेल तर आयात किंवा उत्पादन करणाऱ्याकडे परवाना लागतो. तो विकणाऱ्याकडून लेखी मागा. डब्यावर ‘एफडीए’ असा स्टिकर असणं म्हणजे परवानगी नव्हे. एफडीएची परवानगी विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट मशीनला आणि विशिष्ट वापरासाठी असते. शेजाऱ्याच्या लायसन्सवर आपण ट्रॅक्टर चालवू शकतो का? तसंच आहे हे.

पायरी 5: खरा हिशोब

आता वही-पेन घ्या. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका. पद्धत मात्र हीच ठेवा.

मशीन 1,80,000 रुपये, 14 टक्के व्याजाने 3 वर्षांसाठी. हप्ता सुमारे 6,150 रुपये महिना.

महिन्याचा ठरलेला खर्च:
- हप्ता: 6,150
- वेगळ्या खोलीचं भाडं: 3,000
- मदतनीस मुलगी: 6,000
- जास्तीचं वीजबिल: 1,000
- जाहिरात: 2,000
- एकूण: 18,150

विकणारा म्हणतो एका सिटिंगला 1,500 रुपये. ताईंना विचारलं, तुमच्या पार्लरमध्ये सगळ्यात महाग फेशियल कितीचं? म्हणाल्या 800 चं, तेही घासाघीस करून. मग आपण सिटिंगला 600 धरू. त्यातून जेल, टिश्यू, चादर धुणं असे 60 वजा करा. हातात राहतात 540.

18,150 भागिले 540 म्हणजे 33.6. म्हणजेच महिन्याला 34 सिटिंग झाल्या तर नफा शून्य, तोटा शून्य.

34 हा आकडा छोटा वाटतो ना? आता पुढचं पाऊल टाका, इथेच बहुतेकजण चुकतात. 34 गुणिले 12 महिने म्हणजे वर्षाला 408 सिटिंग. एका गिऱ्हाइकाचं पॅकेज 6 सिटिंगचं. म्हणजे दरवर्षी 68 नवीन गिऱ्हाइकं हवीत, प्रत्येकीने 3,600 रुपये द्यायला हवेत, आणि तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर उभ्या. तुमची स्वतःची मेहनत अजून फुकटच आहे. महिन्याला स्वतःचे 10,000 धरले तर 28,150 भागिले 540, म्हणजे 53 सिटिंग, म्हणजे वर्षाला 106 नवीन गिऱ्हाइकं.

थ्रेडिंगची बाई महिन्याने परत येते. फेशियलची सणाला परत येते. या मशीनची गिऱ्हाईक सहा सिटिंगनंतर एक तर खूश होऊन थांबते, नाही तर नाराज होऊन थांबते. दोन्हीकडे थांबतेच. हा धंदा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचा नाही, दर वेळी नवीन गिऱ्हाईक शोधण्याचा आहे. मुंबई-पुण्यात नवीन गिऱ्हाइकांचा प्रवाह संपत नाही. नांदुऱ्यासारख्या गावात दुसऱ्या वर्षीच तो आटतो. हवं तर मलकापूर, खामगाव मिळवून मोजा. पण ज्या बाईला हे हवं आहे आणि जिच्याकडे पैसे आहेत, ती थेट अकोल्याला डॉक्टरकडे जाईल का, हेही स्वतःला विचारा.

आणि आपल्या भागातला पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. कापूस-सोयाबीन विकलं की, दिवाळी झाली की, लग्नसराई लागली की हात सैल होतो. पेरणीच्या दिवसांत तोच हात आखडतो. हप्ता मात्र जूनमध्येही येतो.

आता परतावा धरा. 68 पैकी फक्त 10 जणींनी “काहीच फरक नाही, पैसे परत द्या” म्हटलं तर 36,000 गेले. म्हणजे जवळपास सहा महिन्यांचे हप्ते. आणि छोट्या गावात या दहा जणी गप्प बसत नाहीत. देवळात, शाळेच्या गेटवर, भाजी बाजारात बोलतात. मग तुमचं आठ वर्षांचं थ्रेडिंगचं गिऱ्हाईकही हलतं. हा तोटा कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो.

एक ओळ अधोरेखित करा: पॅकेजचे आगाऊ घेतलेले पैसे ही कमाई नाही, उधारी आहे. 3,600 घेतले आणि 2 सिटिंग दिल्या तर तुमची कमाई 1,200. उरलेले 2,400 अजून गिऱ्हाइकाचे आहेत. ते वेगळ्या खात्यात ठेवा. ते हप्त्यात भरले आणि मशीन बंद पडली तर तुम्ही दोन्हीकडून अडकता.

माझी स्वतःची चूक

हे मी वरच्या पायरीवर उभं राहून सांगत नाही. दुकान सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी मी पोट कमी करायचे घामाचे पट्टे आणि स्लिमिंग जेल ठेवलं होतं. मार्जिन 45 टक्के. खपही झाला. मी कधी विचारलंच नाही की हे चालतं कसं. तीन महिन्यांनी एक मावशी अर्धी ट्यूब घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “बाळा, तू सांगितलं म्हणून घेतलं होतं.” मी पैसे परत दिले. त्यानंतर त्या दुकानात कधीच आल्या नाहीत. महिन्याचं किराणा, साबण, तेल सगळं दुसरीकडे गेलं. बीबीएला ‘कस्टमर लाइफटाइम व्हॅल्यू’ शिकलो होतो, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पायरी 6: विकणाऱ्याला लेखी विचारायचे सात प्रश्न

1. मशीनचा निर्माता कोण, आयातदार कोण, आणि परवाना किंवा नोंदणी क्रमांक काय?
2. परवानगी नेमक्या कोणत्या वापरासाठी आहे? चरबी, कातडी की सेल्युलाइट?
3. कोणावर वापरायचं नाही? गरोदर बाई, पेसमेकर, अंगात धातूची सळई, यकृताचा आजार, थंडीने होणारे रक्ताचे विकार. ही यादी छापील द्या.
4. भाजलं किंवा इजा झाली तर जबाबदारी कोणाची?
5. हँडपीस किती तासांनी बदलायचा आणि कितीला येतो?
6. दुरुस्तीला माणूस कुठून येतो, किती दिवसांत?
7. दोन वर्षांनी परत घेणार का, कितीला?

चौथ्या प्रश्नाचं महत्त्व सांगतो. कूलस्कल्प्टिंगमध्ये क्वचित उलटा परिणाम होतो, चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढून घट्ट होते. कॅनडाची प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिला तसं झालं. तिने सप्टेंबर 2021 मध्ये कंपनीवर 5 कोटी डॉलरचा दावा केला आणि 2022 मध्ये तडजोड झाली. तिथे दावा झेलायला कंपनी होती. तुमच्या पार्लरमध्ये दावा झेलायला कोण आहे?

आणि फोटोबद्दल. ‘आधी-नंतर’चे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवायचे, स्टेटसला टाकायचे, हे करूच नका. बाईच्या मांडीचा-पोटाचा फोटो चुकून एका ग्रुपवर गेला तरी त्या बाईचं जे व्हायचं ते होतं, आणि तुमचं पार्लर कायमचं बंद होतं.

मग मशीन कधी घ्यायची?

मी ‘कधीच नको’ म्हणत नाही. घरात किंवा भागीदारीत त्वचारोगतज्ज्ञ असेल, क्लिनिक रीतसर असेल, कागद पूर्ण असतील, आणि कर्ज न काढता मशीन येत असेल, तर विचार करा. तेव्हाही बोर्डावर वजन, गॅरंटी, कायमचं हे तीन शब्द नकोत.

डॉक्टर दुसऱ्या गावात असतील तर गिऱ्हाइकाला त्यांचं नाव सांगा, पण कमिशन मागू नका. डॉक्टरांच्या आचारसंहितेत कमिशन देणं-घेणं बसत नाही. तुम्हाला कमिशनपेक्षा मोठं काहीतरी मिळतं: “ताई खरं सांगते” हे नाव.

नाही तर हेच पैसे कुठे लावायचे?

ताईंसोबत आम्ही दुसरा कागद मांडला. 25,000 मध्ये चांगला मसाज बेड, पडदे, स्वच्छ चादरींचे सहा सेट, एकदाच वापरायच्या वॅक्सिंग पट्ट्या, आणि नवरीसाठी बॉडी पॉलिशिंगचं पॅकेज 1,200 रुपये. खर्च 350 गेला तर हातात 850. 25,000 भागिले 850 म्हणजे 30 गिऱ्हाइकं झाली की पैसे वसूल. 30 नवऱ्या, त्यांच्या बहिणी, वहिन्या त्यांच्या ओळखीतच आहेत. वचन काय? ‘कातडी मऊ होईल, अंग हलकं वाटेल.’ हे वचन पाळता येतं. मसाज ‘आराम’ म्हणून विका, ‘चरबी’ म्हणून विकू नका. सेवा तीच, पण झोप शांत लागते.

जीएसटीचं पण लिहून ठेवा. सलून-पार्लर सेवांवरचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे मशीन खरेदीवर भरलेला जीएसटी तुमच्याच अंगावर. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी साधारणपणे लागत नाही. कोटेशनवर किंमत ‘जीएसटी वेगळा’ आहे का ते बघा. ताईंच्या कागदावर खाली बारीक अक्षरात तेच होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमच्या 20 नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारा: “पुढच्या वर्षात पार्लरवर जास्तीचे 3,600 रुपये खर्च करायचे असतील तर कशावर कराल?” उत्तर सुचवू नका. फक्त लिहून घ्या.
2. वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा. महिन्याच्या सिटिंगवर थांबू नका, वर्षाच्या नवीन गिऱ्हाइकांपर्यंत जा.
3. सात प्रश्न विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवा आणि लेखीच उत्तर मागा.

ताईंचं काय झालं? त्यांनी सात प्रश्न पाठवले. तीन उत्तरं आली. परवाना, जबाबदारी आणि परत घेणं यावर “मॅडम, फोनवर बोलू” एवढंच आलं. एका प्रश्नाला अजूनही निळी टिकसुद्धा नाही. सोनं घरीच आहे. मसाज बेड मागच्या आठवड्यात आला. पहिल्या पाच नवऱ्यांची बुकिंग झाली आहे. चालेल की नाही ते लग्नसराई संपल्यावर कळेल, तेव्हा खरे आकडे तुमच्यासमोर ठेवीन, चांगले असोत की वाईट.

पुढच्या भागात: आगाऊ पैशांची वही कशी ठेवायची, एका पानात. तोवर हिशोब करत राहा, सही सावकाश करा.